बुंदी, दिवसवार: गढ, चित्रशाळा आणि बावड्या

राजस्थानच्या सहलीत जयपूर, जोधपूर आणि उदयपूर ठरलेले असतात. बुंदीला मिळाला तर अर्धा दिवस मिळतो, कोट्याहून जाऊन-येऊन. त्या अर्ध्या दिवसात गढाचा दरवाजा दिसतो आणि राणीजी की बावडीत एक फोटो निघतो. चित्रशाळेचं आतलं दालन उघडणारा माणूस नेमका जेवायला गेलेला असतो आणि डोंगरावरचा तारागढ किल्ला तर खालूनच पाहावा लागतो. बुंदीला तीन मुक्काम द्यावेत. गाव लहान आहे, पण चढ-उतार भरपूर आणि बघण्याच्या जागा तिन्ही दिशांना पांगलेल्या.

कधी जायचं हे पावसावर ठरवा. इथल्या बावड्या आणि कुंडं म्हणजे आपल्याकडच्या बारवा. पाण्याची पातळी बदलली की त्यांचं रूपच बदलतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगर हिरवे असतात, तलाव भरलेले असतात, पण कुंडांच्या निम्म्याअधिक पायऱ्या पाण्याखाली असतात. एप्रिल-मेमध्ये पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडतात, मात्र पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि दहानंतर गढ चढणं धोक्याचं होतं. बांधकाम समजून घ्यायचं असेल तर जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला: पाणी बरंच खाली गेलेलं, हवा थंड, ऊन तिरपं. फक्त तलाव आणि हिरवळ हवी असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. उत्तरेकडच्या भाद्रपदात, म्हणजे आपल्या श्रावण वद्य तृतीयेला, येणाऱ्या कजली तीजेला गावात मोठी मिरवणूक निघते. त्या दिवसांत खोली आधी पक्की करावी.

मुंबईहून सोपा रस्ता म्हणजे दिल्लीच्या मुख्य मार्गावरचं कोटा जंक्शन. संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून निघणाऱ्या राजधानी गाड्या कोट्याला अगदी अपरात्री पोचतात, त्यामुळे वेगवान असूनही या सहलीला गैरसोयीच्या. सकाळी पोचणारी मेल किंवा सुपरफास्ट घ्यावी. झोपही होते आणि पहिला दिवसही हाती लागतो. बुंदीला स्वतःचं स्टेशन आहे, कोटा-चित्तोडगढ मार्गावर, पण गाड्या मोजक्या आणि स्टेशन जुन्या गावापासून लांब. कोट्याहून बुंदी साधारण ३५ ते ४० किलोमीटर. नयापुऱ्याच्या स्टँडवरून बस तासाभरात पोचवते. सामान असेल तर स्टेशनवरूनच गाडी ठरवा आणि ठरवतानाच सांगा की वाटेत चौरासी खंभों की छतरी या स्मारकाला थांबायचं आहे. हे नंतर सांगितलं तर भाड्यावरून घासाघीस होते.

पहिला दिवस: कोटा रस्ता, मग गावातल्या बावड्या

छतरी कोटा रस्त्यालाच, गावाच्या अलीकडे देवपुऱ्यात आहे. हिच्यापासून सुरुवात करण्याचं कारण केवळ वाटेत लागते हे नाही. बुंदीत पुढे दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी एकाच घराच्या तीन पिढ्यांच्या आहेत, आणि त्यातली पहिली पिढी इथे भेटते. बुंदीचे राजे राव अनिरुद्धसिंह यांनी १६८३ मध्ये आपला दूधभाऊ देवा याच्या स्मरणार्थ ही छतरी उभारली. राजाच्या दाईचा मुलगा म्हणजे धाभाई. त्याच्यासाठी चौऱ्याऐंशी खांबांची दुमजली वास्तू बांधली, यावरून त्या नात्याचं वजन कळतं. आत शिवलिंग आहे. पायथ्याच्या जोत्यावर चारही बाजूंनी कोरीव पट्टा फिरतो. हत्ती, घोडे, अप्सरा, लढाया. लोक थेट वर जाऊन खांब मोजायला लागतात आणि हा पट्टा बघायचाच राहतो. आधी बाहेरून एक प्रदक्षिणा घाला, मग वर चढा. अर्धा-पाऊण तास पुरे. छतरी, राणीजी की बावडी आणि सुखमहाल ही तिन्ही ठिकाणं राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिन्हीचं एकत्रित तिकीट मिळतं का ते पहिल्याच खिडकीवर विचारा आणि मिळालं तर जपून ठेवा.

मुक्काम जुन्या गावात करावा, बालचंद पाडा किंवा नवल सागर तलावाच्या आसपास. जुन्या हवेल्यांमध्ये खोल्या मिळतात, गच्चीवरून गढ समोर दिसतो. गल्ल्या अरुंद आहेत. मोठी गाडी दारापर्यंत येत नाही, शेवटचा टप्पा रिक्षाने किंवा पायी. चाकांची मोठी बॅग इथल्या फरशीवर त्रास देते. खोली घेताना जिने पाहून घ्या. गच्चीलगतची खोली सगळ्यांत सुंदर असते, पण जिना उभा आणि पायऱ्या हातभर उंच असतात. गुडघेदुखी असेल तर खालची मागा.

दुपारी तीननंतर बाहेर पडावं. चोगान दरवाज्यातून तटाबाहेर आलं की लगेच नागर सागर कुंड लागतं. हे एक कुंड नाही, जुळी कुंडं आहेत, रस्त्याच्या दोन बाजूंना, एकाच आराखड्याची. वरून पाहिलं तर उलटा पिरॅमिड: चारही बाजूंनी टप्प्याटप्प्याने आत जाणाऱ्या भिंती आणि प्रत्येक टप्प्यावर दोन्हीकडून उतरणाऱ्या छोट्या त्रिकोणी पायऱ्यांच्या जोड्या. ही नक्षी शोभेची वाटते, पण तिच्यामागे हिशोब आहे. पाणी कुठल्याही पातळीला असलं तरी त्या पातळीला एक टप्पा मिळतोच, आणि एका वेळी अनेक माणसं वेगवेगळ्या जोड्यांवरून घागरी घेऊन चढू-उतरू शकतात. सरळ एकच जिना असता तर उन्हाळ्यात त्याच्या तोंडाशी गर्दी तुंबली असती. शिवाय मातीचा दाब एका उंच भिंतीवर न येता टप्प्यांमध्ये वाटला जातो, म्हणून इतकी वर्षं बाजू कोसळलेल्या नाहीत.

इथे एक दुःखाची गोष्ट सांगायलाच हवी. कुंडांच्या तळाशी प्लास्टिक साचतं. साफसफाई होते, पुन्हा साचतं. नळाचं पाणी आल्यावर रोज पाण्याला जाणारी माणसं थांबली, आणि ज्या जागेवर कुणाचं रोजचं काम नाही तिची राखणही सुटते. इतक्या नेमक्या भूमितीची ही वास्तू कचऱ्यासकट पाहावी लागते याचं वाईट वाटतं. पण म्हणून टाळू नका. माणसं बघायला येतात म्हणून तरी ती झाडली जाते.

कुंडांच्या फाटकाला कुलूप असू शकतं. उघडं असलं तरी पाण्यालगतच्या शेवटच्या चार-पाच पायऱ्यांवर जाऊ नका. तिथे शेवाळ असतं, कठडा नसतो, आणि पायरी इतकी अरुंद की पाऊल आडवं ठेवावं लागतं. रबरी तळाचे बूट घाला. चपला आणि सपाट तळाचे सँडल इथे घसरतात. फोटोसाठी एका बाजूच्या बरोबर मध्यावर उभं राहा. दुपारी बाराच्या उन्हात पायऱ्यांच्या सावल्या नाहीशा होतात आणि सगळं सपाट दिसतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतरचं तिरपं ऊन प्रत्येक पायरी वेगळी काढतं.

नागर सागरातून भाजी बाजार ओलांडला की राणीजी की बावडी. हिचा प्रकार वेगळा. कुंड चहूबाजूंनी उघडं असतं. बावडी लांबट असते. एका टोकाला प्रवेश, तिथून खाली उतरत जाणारा लांब जिना आणि दुसऱ्या टोकाला गोल विहीर. अनिरुद्धसिंहांची धाकटी राणी नाथावती हिने ही १६९९ मध्ये बांधवली. अनिरुद्धसिंह तेव्हा वारले होते आणि मुलगा बुधसिंह गादीवर होता. राणीने आणखीही अनेक बावड्या बांधवल्याचं सांगतात. खोली सुमारे ४६ मीटर सांगितली जाते. आकडा बाजूला ठेवला तरी वरच्या पायरीवरून खाली पाहिल्यावर पोटात खड्डा पडतो.

आत शिरताना मान वर ठेवा. जिन्यावर एकामागे एक तोरणं आहेत, दोन उंच बारीक खांबांवर टेकलेल्या नागमोडी कमानी, आणि त्यांवर समोरासमोर सोंडा उंचावलेले हत्ती. या कमानी नुसत्या दागिना म्हणून नसतात. जिना खोल जातो तशा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मातीचा दाब वाढत जातो आणि पावसाळ्यात ती माती भिजली की आणखी वाढतो. आडव्या तुळया आणि चौकटी दोन भिंतींना एकमेकींपासून दूर धरून ठेवतात. बावड्यांमध्ये इतके मजले आणि सज्जे का दिसतात याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं गारव्यात: खालच्या मजल्यावर वरच्यापेक्षा स्पष्ट जाणवेल इतकं थंड असतं, आणि पाण्याला आलेल्या बायकांना, वाटसरूंना बसायला तीच जागा होती. भिंतींच्या कोनाड्यांत विष्णूचे अवतार आहेत. मत्स्य आणि कूर्म शोधायला थोडा वेळ लागतो.

तळापर्यंत सहसा जाऊ देत नाहीत, जाळी असते. कबुतरं आणि वटवाघळं आहेत, वास असतो. कुंडाला तिरपं ऊन चांगलं, पण या बावडीत नेमकं उलटं. ती इतकी अरुंद आणि खोल आहे की सूर्य डोक्यावर असतानाच उजेड खाली पोचतो. म्हणून पहिल्या दिवशी संध्याकाळी एकदा बघा आणि वेळ असेल तर तिसऱ्या दिवशी दुपारी परत डोकावून जा. अगदी दुसरी वास्तू वाटते.

इथून दक्षिणेला धाभाई कुंड, गावातल्या मोठ्या कुंडांपैकी एक, पायऱ्यांची नक्षी नागर सागरापेक्षा दाट. बऱ्याचदा बंद असतं. कठड्यावरूनही आकार पूर्ण कळतो. राव भावसिंहांच्या राणीने बांधलेली भावलदी बावडी काटकोनात वळते. उतरताना विहीर दिसतच नाही, वळणावर एकदम समोर येते. आसपासच्या दुकानदारांना नाव सांगून विचारा, नकाशावरच्या खुणा इथे भरवशाच्या नाहीत. बुंदी परिसरात पन्नासाहून अधिक बावड्या-कुंडं आहेत म्हणतात. सगळ्या गाठण्याचा नाद करू नये. चार नीट पाहिल्या तर बाकीच्यांची भाषा आपोआप कळते.

दुसरा दिवस: तारागढ, चित्रशाळा, गढमहाल

बहुतेक जण आधी महाल, मग चित्रशाळा आणि शेवटी किल्ला असं वर वर जातात. त्यात किल्ल्याची चढण भर दुपारी येते. उलट करा. फाटक उघडताच तिकीट काढून थेट तारागढ गाठा, उन्हाचा जोर वाढायच्या आत खाली चित्रशाळेत या, आणि दुपार महालाच्या सावलीत काढा. तिकिटाला रोख पैसे ठेवा, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे पडू शकतात, आणि किल्ला-महालाचं तिकीट परत येईपर्यंत टाकू नका.

महालापासून किल्ल्यापर्यंत दगडी फरसबंदीची वाट आहे, अर्धा तास चढण. फरशी घोड्या-हत्तींच्या पायांसाठी घातलेली. शतकांच्या वापराने गुळगुळीत झाली आहे आणि उतरताना जास्त घसरते. पायथ्याशी काठी मिळते, ती घ्या. काठीचा उपयोग चालायला कमी आणि माकडांसाठी जास्त. इथे काळतोंडी वानरंही आहेत आणि लालतोंडी माकडंही. वानरं आपल्या वाटेला जात नाहीत. लालतोंडी माकडं अंगावर येतात, विशेषतः हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की. खाऊ पाठपिशवीत, पिशवीची चेन बंद, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही आणि पळायचं तर मुळीच नाही. काठी जमिनीवर आपटली की बहुतेक वेळा रस्ता मोकळा होतो. कळप वाटेवरच बसला असेल तर दुसऱ्या माणसांची सोबत मिळेपर्यंत थांबा. एकट्याने वर जाऊ नये. वर माणूसकाणूस फारसा नसतो, झुडपं वाढलेली आहेत, आणि दिवस मावळायच्या बराच आधी खाली यायला हवं. वर पाणीही विकत मिळत नाही, माणशी दोन लिटर न्या. ज्यांना चढण झेपणार नाही त्यांच्यासाठी डोंगराच्या मागच्या अंगाने टीव्हीच्या मनोऱ्याकडे जाणारा गाडीरस्ता आहे. गाववाल्या रिक्षाचालकांना तो माहीत असतो.

वर काय आहे? तट, भीमबुरूज, पडके महाल आणि पाण्याची टाकी. टाक्यांकडे लक्ष द्या. चौदाव्या शतकात सुरू झालेल्या या किल्ल्याला डोंगरमाथ्यावर झरा नव्हता. पावसाचं पाणी खडकात खोदलेल्या मोठ्या टाक्यांत साठवून वर्षभर पुरवायचं होतं. त्यांपैकी काहींत आजही उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकतं. टाक्यांच्या काठी उभं राहून खाली पाहिलं की गावाची सगळी पाणीव्यवस्था एका नजरेत येते. डोंगरांच्या चिंचोळ्या खोबणीत निळी-पांढरी घरं, एका अंगाला नवल सागर, दुसऱ्या अंगाला जैत सागर, आणि तटाच्या दरवाज्यांबाहेर कालची कुंडं. डोंगरावरचं पाणी तलावांत अडवायचं, तलावातून जमिनीत मुरवायचं आणि मुरलेलं पाणी खालच्या बावड्यांमध्ये पायऱ्यांनी गाठायचं. कुंडं जिथे आहेत तिथे का आहेत, हे खालून कळत नाही.

किल्ल्याच्या आतल्या महालांत भिंतींवर चित्रांचे तुकडे उरले आहेत. अंधाऱ्या खोल्यांत टॉर्चशिवाय शिरू नका, जमीन फुटलेली आहे. कमानींखाली मोहोळं लटकलेली दिसली तर तिथून शांतपणे मागे फिरा.

साडेदहा-अकराला चित्रशाळेत उतरावं. हिला उम्मेद महालही म्हणतात. ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि महालापेक्षा वेगळ्या वाटेने वर जावं लागतं, म्हणून पुष्कळांची ती चुकते. बागेच्या चौकाभोवती उंच जोत्यावर ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंती, छत, कमानींच्या पोटापर्यंत चित्रं. रंग पाहताक्षणी लक्षात राहतो: हिरवट निळा, त्यात काळा आणि थोडा विटकरी. कृष्णाच्या लीला आहेत, रागमाला (रागांची चित्रमालिका) आहे, हत्तींच्या झुंजी, मिरवणुका, राजवाड्यातल्या बायकांचं रोजचं जगणं. आतलं दालन बऱ्याचदा कुलपात असतं. पहारेकऱ्याला नम्रपणे विचारलं तर उघडून दाखवतो. दुपारी एक ते दोन या वेळात जाऊ नका. फ्लॅश वापरायचा नाही, भिंतीला टेकायचं नाही, पाठपिशवी पुढे घ्यायची. ओवऱ्यांच्या खालच्या भागात माणसांनी खरवडलेली नावं आहेत. ती पाहिली की संताप येतो.

ही चित्रं पाहताना माणसांपेक्षा आधी झाडं आणि पाणी पाहा. बुंदी शैलीची ओळख तिथे आहे. प्रत्येक झाडाची पानं वेगळी: आंबा आंब्यासारखा, केळ केळीसारखी. आकाश काळ्या ढगांनी वळवळतं, त्यात सोनेरी वीज सापासारखी. पाणी गडद रंगावर पांढऱ्या भोवऱ्यांच्या रेघांनी काढलेलं, त्यात कमळं, बदकं, मासे. डोंगर, दाट झाडी आणि तलाव यांच्यात राहणाऱ्या चित्रकारांनीच असं पाणी काढावं. शैलीचं मूळ मात्र मुघल तालमीत आहे. १५६९ मध्ये बुंदीचे राव सुर्जन यांनी रणथंभोर अकबराच्या हवाली केला आणि बुंदीचं हाडा राजघराणं मुघलांच्या चाकरीत गेलं. १५९१ मध्ये चुनार इथे रंगवलेली रागमाला या शैलीचा आरंभ मानतात, आणि ती काढणारे चित्रकार अकबराच्या चित्रशाळेतल्या उस्तादांचे शिष्य होते.

ही चित्रशाळा राव उम्मेदसिंहांच्या काळातली. इथे मराठी माणसाने थोडं थांबावं. राणी नाथावतीचा मुलगा बुधसिंह याला जयपूरच्या सवाई जयसिंहांनी पदच्युत केलं आणि दलेलसिंह हाडा याला बुंदीच्या गादीवर बसवलं. बुधसिंहाची कछवाही राणी जयसिंहांचीच बहीण. तिने भावाविरुद्ध मराठ्यांना बोलावलं आणि मल्हारराव होळकरांना राखी पाठवली. एप्रिल १७३४ मध्ये मल्हारराव आणि राणोजी शिंदे यांनी बुंदी घेतली. ते वळताच जयसिंहांनी पुन्हा दलेलसिंहाला बसवलं. पण राजपुतांच्या वारसाच्या तंट्यात मराठी फौजा पहिल्यांदा उतरल्या त्या इथे, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये राजपूत राजे मराठ्यांविरुद्ध एकजूट करायला मेवाडातल्या हुरडा गावी जमले. बुधसिंहाचा मुलगा उम्मेदसिंह याला गादी मिळाली ती १७४८ च्या बगरूच्या लढाईनंतर, पुन्हा मल्हाररावांच्या मदतीने. त्याची किंमत बुंदीने खंडणी आणि मुलूख देऊन मोजली. मदत फुकट नव्हती आणि राजस्थानच्या आठवणीत मराठ्यांच्या स्वाऱ्या खंडणीसकटच आहेत, हे विसरून या ओवऱ्यांत फिरू नये. बालपणापासून रानोमाळ लढलेल्या माणसाने गादी मिळाल्यावर भिंतींवर रास आणि कमळं रंगवून घेतली, हे मला या शहरातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

दुपारी महाल. गढमहाल एका राजाने बांधलेला नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रत्येकाने डोंगराला चिकटवून एकेक भाग वाढवला. संगमरवर फार थोडा, इथलाच दगड. लटकते झरोके, वाकलेल्या छपरांचे बंगाली घाटाचे घुमट, हत्तींच्या आकाराचे कंस. उभ्या उताराने राव रतनसिंहांच्या काळच्या हाथीपोळीतून आत शिरायचं. सोंडा जोडलेले दोन हत्ती दरवाज्यावर कमान करतात. आत रतन दौलत: दरबाराची जागा, नऊ घोड्यांचा तबेला आणि राज्याभिषेकाचं पांढरं आसन. पुढे छत्र महाल, १६४४ चा, राव छत्रसालांनी बांधलेला. हे बाजीरावांना साद घालणारे बुंदेलखंडचे छत्रसाल नव्हेत. हे हाडा, १६५८ मध्ये समूगढच्या लढाईत दारा शिकोहच्या बाजूने पडले.

फूल महाल आणि बादल महाल सोडू नका. बादल महालाच्या छतावर पाकळ्यांसारखे भाग पाडून कृष्णाची रास रंगवली आहे, आणि तिची मांडणी एकाच जागेवरून कळत नाही. जमिनीवर पाठ टेकून दहा मिनिटं पाहा. मान दुखत नाही आणि घुमटाचा मध्यही सापडतो. काही दालनं बंद असतात, काहींत वटवाघळं. वाटाड्या इथे घ्यावा, कारण पाट्या कमी आहेत. मात्र दर आणि कुठली दालनं दाखवणार हे आधी ठरवावं.

तिसरा दिवस: जैत सागर, शिकार बुर्ज, क्षार बाग

आज पाय थोडे हलके. अर्ध्या दिवसाची रिक्षा किंवा भाड्याची सायकल घ्या. जैत सागराच्या काठचा रस्ता सपाट आहे. तलावाच्या एका टोकाला सुखमहाल, उन्हाळी निवासासाठी बांधलेला, आत छोटं संग्रहालय. पावसाळ्यानंतर तलावात कमळं असतात. अर्धा तास बस्स.

शिकार बुर्ज लहान वास्तू आहे, पाण्याच्या टाक्याला लागून, झाडीत. यात्रेकरू तिच्यावरून पुढे निघून जातात. तुम्ही जाऊ नका. उम्मेदसिंहांनी १७७० च्या सुमारास गादी मुलाच्या हाती दिली आणि विरक्त होऊन इथे येऊन राहिले. चित्रशाळा कालच पाहिलेली असेल तर ही दोन दालनांची जागा काहीतरी बोलते. माकडं इथेही आहेत.

पुढे क्षार बाग, हाडा राजांच्या छतऱ्यांची बाग. साठाहून अधिक स्मारकं दाटीने उभी आहेत. फाटकाला कुलूप असतं आणि किल्ली राखणदाराकडे. रिक्षावाल्याला निघतानाच विचारा, नाहीतर लांब येऊन परतावं लागतं. जोत्यांवरचे हत्ती उत्तम कोरलेले आहेत. शिळांवर राजाशेजारी उभ्या बायकांच्या आकृती दिसतात, त्या सती गेलेल्या राण्या आणि सेविका. शिल्पाचं कौतुक करता करता त्या आकृती मोजायला लागलं की गळा दाटतो.

परतताना अभयनाथ महादेवासमोरचं भोराजी का कुंड पाहा. पाऊस चांगला झाला असेल तर पक्षी खूप येतात. दुपारी राणीजी की बावडी दुसऱ्यांदा. संध्याकाळी नवल सागर: पाण्यात अर्धं बुडालेलं वरुणाचं देऊळ आणि समोर गढ. गढाचं प्रतिबिंब हवं असेल तर वारा पडलेला असताना, सूर्यास्तानंतरच्या वीस मिनिटांत. खायला कोट्याची हिंगाची कचोरी इथेही मिळते, आणि हाडोतीचा, म्हणजे या कोटा-बुंदी भागाचा, कत्त-बाफला (बाफला म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा) एकदा तरी घ्यावा, मात्र चढणीच्या दिवशी नाही. तुपात बुडालेला बाफला खाऊन तारागढ चढवत नाही.

चौथा दिवस: केशवराय पाटण आणि कोटा

सरळ कोट्याला न जाता केशवराय पाटणवरून वळसा घाला. गाडी असेल तर सोपं आहे. चंबळेच्या काठी राव छत्रसालांनी बांधलेलं केशवरायाचं उंच देऊळ, १६४१ चं, बाहेरून पायापासून शिखरापर्यंत मूर्तींनी भरलेलं. बऱ्याच मूर्तींवर रंग आणि चुन्याचे थर चढल्याने बारकावे बुजले आहेत. हाच पाटणचा मुलूख उम्मेदसिंहांच्या काळी मराठ्यांकडे गेला. कार्तिकी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते, तेव्हा शांतपणे बघणं होत नाही. घाटाच्या पायऱ्या नदीत उतरतात. चंबळेत मगरी आहेत, पाय धुवायलाही पाण्यात उतरू नये.

कोट्यात वेळ उरला तर गढमहालातलं राव माधोसिंह संग्रहालय पाहा. कोटा सतराव्या शतकात बुंदीपासून वेगळं झालं आणि तिथल्या चित्रकारांनी तीच हिरवळ शिकारीच्या चित्रांसाठी वापरली. वाघाच्या मागे पानापानांची रेखीव झाडी दिसली की चित्रशाळेतली झाडं आठवतील. आठवड्याचा सुटीचा वार आधी विचारून घ्या. जुन्या गावातून कोटा जंक्शनला यायला वाहतुकीमुळे तास लागू शकतो. परतीची गाडी रात्री आठनंतरची असेल तर संग्रहालयही होतं आणि धावपळही होत नाही.